झाडपाल्याचं आहे, काय होतंय?

एप्रिल २०२२. शांघायला कुलूप लागलेलं. अडीच कोटी माणसं घरात आणि घरातलं धान्य संपत आलेलं. लोक भाजी मागत होते, तांदूळ मागत होते, लहान मुलांसाठी दूध मागत होते. सरकारी पिशव्या दाराशी आल्या की त्यांतून औषधाचीही खोकी निघायची. ल्येनह्वा छिंगवेन. तेरा घटकांची चिनी कॅप्सूल, ताप उतरवणारी आणि फुप्फुसं मोकळी करणारी म्हणून विकली जाणारी. आजारी माणसाला खोकं, धडधाकट माणसालाही खोकं.

डिंगश्यांग ही चीनमधली आरोग्यविषयक माहिती देणारी मोठी संस्था. तिनं त्याच महिन्यात बजावलं की कोरोना होऊ नये म्हणून ही कॅप्सूल घेऊ नका. ऑगस्टमध्ये वेइबो या चिनी समाजमाध्यमावरच्या तिच्या खात्यांची तोंडं बंद करण्यात आली. नियमभंग झाला, एवढंच कारण लोकांपुढे आलं.

मला संताप येतो तो या तोंड बंद करण्याचा. कॅप्सूलशी माझं वैर नाही. पण ज्याला प्रश्न विचारायचा नाही त्याला औषध म्हणू नका. त्याला प्रसाद म्हणा आणि देवळात वाटा.

ही सवय एकट्या चीनची असती तर मी हे लिहायला बसले नसते. २०२०च्या उन्हाळ्यात आपल्याकडे सुंठ, मिरी, दालचिनीचा काढा दिवसातून चार-चारदा प्यायला गेला. तोंड आलं, पोटात आग पडली, तरी पातेलं गॅसवरून उतरलं नाही. कुणी शंका काढली की उत्तर ठरलेलं: ‘झाडपाल्याचं आहे, काय होतंय?’ या एका वाक्याशी माझं भांडण आहे. झाडपाल्याचा याहून मोठा अपमान मला माहीत नाही.

झाडपाल्यात केवढी ताकद असते ते पाहायचं तर मा ह्वांग पाहा. मा ह्वांग म्हणजे एफेड्रा. उत्तर चीनच्या कोरड्या माळावर उगवणारं, पानं जवळजवळ नसलेलं, हिरव्या काड्याकाड्यांचं झुडूप. त्याचं भावंड आपल्या लडाखमध्ये आहे. पारशी लोक अग्यारीतल्या विधीसाठी ‘होम’ म्हणून ज्या काड्या इराणहून आणतात, त्याही याच कुळातल्या. इसवी सन २००च्या आसपास चांग चोंगचिंग या वैद्यानं ग्रंथ लिहिला. थंडी वाजते, घाम येत नाही, दम लागतो, अशा रुग्णाला त्यानं मा ह्वांगचा काढा सांगितला. मा ह्वांग, दालचिनीच्या काड्या, कडू जर्दाळूची बी आणि ज्येष्ठमध. चारच गोष्टी.

१९२३ साली पंचविशीतला के. के. चेन अमेरिकेतून शिकून पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजात रुजू झाला. कुठल्या वनस्पतीपासून सुरुवात करावी हे त्यानं नात्यातल्याच एका वैद्याला विचारलं. उत्तर आलं, मा ह्वांग. चेननं ती काष्ठौषधीच्या दुकानातून आणली. कार्ल श्मिट या सहकाऱ्याबरोबर त्यानं भूल दिलेल्या कुत्र्याच्या शिरेत काढा सोडला आणि कुत्र्याचा रक्तदाब चढला. काढ्यातलं द्रव्य होतं एफेड्रिन. जपानच्या नागाई नागायोशी यांनी ते १८८५ मध्येच वेगळं काढलं होतं, पण दम्याच्या रुग्णापर्यंत ते पोचलं नव्हतं. चेन आणि श्मिट यांनी १९२४ साली निबंध छापला आणि पुढची काही दशकं जगभर दम्याच्या गोळ्यांत एफेड्रिन होतं. ते तोंडानं घेता येत होतं आणि त्यानं श्वासनळ्या उघडत होत्या.

या गोष्टीत चेन मला फार आवडतो. त्यानं घरातल्या वैद्याला वेड्यात काढलं नाही आणि डोळे मिटून होकारही भरला नाही. त्यानं विचारलं, आणलं, तपासलं, छापलं. चार क्रियापदं. शंभर वर्षांनंतरही आपल्याला त्यातली दोनच जमतात.

मा ह्वांगची हीच ताकद उलटतेही. अमेरिकेत एफेड्रा वजन उतरवण्याच्या आणि तरतरी आणण्याच्या गोळ्यांमध्ये भरून विकला गेला. चांग चोंगचिंगनं तो असा कधीच सांगितला नव्हता. फेब्रुवारी २००३ मध्ये बाल्टिमोरच्या बेसबॉल संघातला २३ वर्षांचा स्टीव्ह बेक्लर सरावात उष्माघातानं गेला. मृत्यूची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी एफेड्राकडे बोट दाखवलं. एप्रिल २००४ पासून अशा गोळ्यांवर अमेरिकेत बंदी आली. काय होतंय, विचारता ना? हे होतं.

गंमत अशी की जुन्या वैद्यांना हे पक्कं ठाऊक होतं. छातीतल्या कफावरचं चीनमधलं नेहमीचं औषध म्हणजे बानश्या. हा अळूच्या कुळातला कंद. कच्चा तोंडात घातला तर घसा खाजून खाजून सुजतो. अळूच्या फदफद्यात चिंच का पडते हे ज्याच्या आजीनं त्याला सांगितलंय, त्याला चिनी औषधशाळेत बानश्या आलं, तुरटी आणि चुना घालून का मुरवतात ते वेगळं समजावावं लागणार नाही. कडू जर्दाळूची बीही तशीच. तिच्यातून पोटात सायनाइड सुटतं. मोजून घेतली तर खोकला दबतो, मूठभर खाल्ली तर माणूस मरतो. ‘काय होतंय’ हे वाक्य कुठल्याही जुन्या ग्रंथातलं नाही. ते आळशी माणसाचं आहे.

आणि ‘छ्या, पाला तो पाला’ म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं. खोकल्याच्या सरबताच्या बाटलीवर ब्रोमहेक्सिन किंवा अँब्रोक्सॉल असं छापलेलं असतं ना? या द्रव्यांचं मूळ आपल्या कुंपणातल्या अडुळशात आहे. अडुळशातल्या व्हॅसिसिनवर काम करता करता रसायनशास्त्रज्ञ तिथवर पोचले.

आता पुराव्याचं बोलू. चिनी औषधांच्या चाचण्या झाल्याच नाहीत असं नाही. ढिगानं झाल्या आहेत. श्वासनळ्यांना अचानक येणाऱ्या सुजेवर, म्हणजे आपण ज्याला ‘छाती भरली’ म्हणतो त्यावर, ७४ चाचण्यांचा आणि ६,८७७ रुग्णांचा आढावा कॉक्रेन या संस्थेनं २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. एवढा ढीग उपसून हाती काय आलं? ही औषधं सरसकट द्यावीत असं म्हणण्याजोगा दर्जेदार पुरावा नाही.

सात हजार माणसांनी काढे प्यायले, रक्त दिलं, अर्ज भरले आणि त्यातून नीट काही सांगता येत नाही, ही मला त्या माणसांची फसवणूक वाटते.

असं का झालं याचं उत्तर त्या आढाव्याच्या लेखकांपैकीच एकानं शोधून ठेवलेलं आहे. चेंगदूचे वू थायश्यांग. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. चिनी नियतकालिकांत छापून आलेल्या चाचण्या घेतल्या आणि त्या लिहिणाऱ्यांना फोन लावले. तुम्ही निबंधात लिहिलंय की रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केली. म्हणजे नक्की काय केलंत? औषध कुणाला आणि दुसरा उपचार कुणाला हे डॉक्टरच्या मनावर सोडायचं नाही, ते नशिबावर सोडायचं, हा सगळ्या चाचणीचा पाया. तो नसला तर डॉक्टर नकळत बऱ्या होणाऱ्या रुग्णाला आपलं आवडतं औषध देतो आणि मग औषध जिंकतं. २,२३५ चाचण्यांच्या लेखकांशी बोलणं झालं. खरोखर चिठ्ठ्या टाकल्या होत्या २०७ जणांनी. बाकीच्यांपैकी पुष्कळांना चिठ्ठ्या टाकणं म्हणजे काय हेच उमगलेलं नव्हतं. २००९ साली हे सगळं आकड्यांसकट छापून आलं.

चीनवर बाहेरून दगड मारणारे पुष्कळ आहेत. हा हिशोब मात्र चिनी संशोधकानं, चीनमध्ये बसून, आपल्याच लोकांना फोन करून मांडला. आयुर्वेदावरच्या आपल्याकडच्या निबंधांसाठी असे फोन कुणीतरी लावावेत ही माझी मनापासून इच्छा आहे. औषधं वाईट आहेत असं मला वाटत नाही. चांगली औषधं वाईट चाचण्यांच्या ढिगाऱ्याखाली पुरली जातात, म्हणून ही इच्छा.

शांघायच्या त्या खोक्याकडे पुन्हा येऊ. ल्येनह्वा छिंगवेन २००३ च्या सार्सच्या साथीत तयार झालं. त्यातही मा ह्वांग आहे, जर्दाळूची बी आहे, जिप्सम आहे. कोरोनाच्या पहिल्या लाटेत चीनमध्ये त्याची चाचणी झाली. २८४ रुग्ण. लक्षणं जायला औषध घेणाऱ्यांना ७ दिवस लागले, न घेणाऱ्यांना १०. बातम्यांत हेच आकडे गाजले. पण चाचणीत खोटी कॅप्सूल नव्हती. आपल्याला औषध मिळतंय हे रुग्णाला ठाऊक आणि डॉक्टरलाही ठाऊक. थकवा गेला का, खोकला कमी झाला का, हे तर रुग्णालाच विचारायचं. मग तीन दिवस कॅप्सूलनं वाचवले की भरवशानं, ते कसं कळणार? विषाणू शरीरातून जाण्यात आणि आजार गंभीर होण्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. हे वाक्यही त्याच निबंधात आहे. बातम्यांत ते आलं नाही.

त्याआधी २००९ च्या स्वाइन फ्लूत चिनी डॉक्टरांनी जास्त नेटकं काम केलं होतं. मा ह्वांग, जर्दाळू बी, जिप्सम आणि ज्येष्ठमध या जुन्या काढ्याला दुसऱ्या एका काढ्याची जोड दिली आणि ४१० रुग्णांचे चार गट पाडले. काहीच न घेणाऱ्यांचा ताप साधारण २६ तासांत उतरला, ओसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचं औषध घेणाऱ्यांचा २० तासांत, काढा घेणाऱ्यांचा १६ तासांत. खोटा काढा इथेही नव्हता, ही उणीव आहेच. कडू, काळा, वासाचा खोटा काढा बनवणं अवघड असतं हे मला कळतं. तरीही ही चाचणी मी गंभीरपणे घेते, कारण तिनं काढ्याला नावाजलेल्या औषधाशेजारी उभं केलं.

वैद्यमंडळींचा एक आक्षेप असतो आणि तो फालतू नाही. ते म्हणतात, आमचा एकच काढा सगळ्यांना चालत नाही. थंडीचा खोकला वेगळा, उष्णतेचा वेगळा. माणूस पाहून आम्ही घटक बदलतो. बरोबर. मग चाचणीही तशीच करा. एका गटात वैद्यानं नाडी पाहून हवा तो काढा द्यावा, दुसऱ्या गटात त्यानंच नाडी पाहावी आणि रंगीत कडू पाणी द्यावं. चिठ्ठी मात्र तिसऱ्यानं टाकावी. माणूस पाहून औषध देणं हे परीक्षा न देण्याचं कारण कसं होऊ शकतं?

परीक्षा टाळली की काय होतं, त्याची यादी लांब आहे. त्यातली तीनच सांगते, कारण तिन्ही फुप्फुसांशी जोडलेली आहेत. मा तोउ लिंग नावाचं फळ चीनमध्ये शतकानुशतकं खोकल्यावर दिलं जाई. त्यात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. हे आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोग आणतं. खोकला आज थांबतो, मूत्रपिंड काही वर्षांनी जातं. वैद्याला या दोन्हींचा संबंध दिसणार कुठून? बेल्जियममध्ये याच कुळातली दुसरी वनस्पती चुकून वजन उतरवण्याच्या गोळ्यांत गेली. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडं बिघडली आणि १९९३ पासून हे जगापुढे आलं. चीनच्या औषधसंहितेतून मा तोउ लिंग निघायला २०२० साल उजाडलं. आपल्याकडची ईश्वरी, कुणी तिला सापसण म्हणतात, याच कुळातली. तिच्यातही तेच आम्ल. तिच्या मुळ्या कुणी काढ्यात घालत असेल तर आजच थांबवा.

दुसरं, युशिंगत्साओ. माशासारखा वास येणारी पालेभाजी. क्वेइचौ प्रांतात तिची मुळं चटणीसारखी खातात, मेघालयातही ती आवडीनं खाल्ली जाते. फुप्फुसांच्या जंतुसंसर्गावर चीननं तिचं इंजेक्शन बनवलं. भाजी शिरेत सोडली. अ‍ॅलर्जीचे जीवघेणे झटके आले, मृत्यू झाले आणि जून २००६ मध्ये ती इंजेक्शनं थांबवावी लागली. ताटात निरुपद्रवी असलेली गोष्ट रक्तात गेल्यावरही निरुपद्रवी राहील, असं कुणी कशावरून धरलं?

तिसरं जपानचं. शो-साइको-तो हा चिनी परंपरेतला काढा तिथे यकृताच्या जुन्या सुजेवर लाखो लोक घेत होते. १९९६ च्या मार्चमध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयानं तातडीचा इशारा दिला: काढा घेणाऱ्या ८८ जणांना फुप्फुसांच्या जाळीदार भागाची सूज, त्यांतले १० दगावले. यकृतासाठी घेतलेल्या काढ्यानं श्वास कोंडला. हे कळलं ते जपाननं नोंदी ठेवल्या म्हणून. जिथे नोंद ठेवत नाहीत तिथे आकडा शून्यच असतो.

आता घरचं सांगते. दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्या आत्याला रात्री आडवं झालं की दम लागायला लागला. एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. खोकला, थोडा फेस, संध्याकाळी पायांना सूज. घरात सगळ्यांचं एकमत: छातीत कफ भरलाय. मी रोज तीन वेळा ज्येष्ठमधाचा काढा करून देत होते. ती म्हणायची, ‘अगं, गोड लागतो, दे अजून अर्धा कप.’ दहा दिवस गेले. मग डॉक्टरांनी तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला, नडगीवर बोट दाबलं, तिथे खड्डा पडलेला पाहिला आणि म्हणाले, हा कफ नाही. हृदय कमी पडतंय, पाणी फुप्फुसांत साठतंय.

ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, रक्तदाब वाढवतं, पोटॅशियम उतरवतं. पाणी साठलेल्या माणसाला मी दहा दिवस पाणी साठवणारं औषध पाजत होते. प्रेमानं, गाळून, कोमट करून. ‘छाती भरली’ हे दोन शब्द श्वासनळीतल्या चिकट कफालाही लागतात, न्यूमोनियालाही आणि हृदय थकल्यामुळे साठलेल्या पाण्यालाही. कुठला काढा, हा प्रश्न नंतरचा. छातीत काय भरलंय, हा पहिला. तो विचारायला मला दहा दिवस लागले याचं दुःख मला अजून आहे.

आत्या दवाखान्यात असताना मी वाचत बसले. चांग चोंगचिंगच्या लिखाणात आणखी एक काढा सापडला. छातीत पाणी साठलंय, धाप लागते, आडवं होता येत नाही, अशा रुग्णासाठी. मोहरीच्या कुळातलं थिंगली नावाचं बारीक बी आणि बारा चिनी बोरं. अठराशे वर्षांपूर्वी त्या माणसानं रुग्णाच्या उशा मोजल्या होत्या. आत्याच्या तीन उशा मी रोज रचत होते आणि मला त्या दिसल्या नव्हत्या.

हेच थिंगली बी आणि आणखी दहा घटक मिळून छिली छ्यांगशिन नावाची कॅप्सूल होते. बनवणारी कंपनी तीच, ल्येनह्वावाली यीलिंग. पण या कॅप्सूलची परीक्षा झाली ती खरी परीक्षा. १३३ रुग्णालयं, हृदय अशक्त झालेले ३,११० रुग्ण, चिठ्ठ्या टाकून वाटणी, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी खोटी कॅप्सूल, कुणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला. निकाल २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. हृदय थकल्यामुळे पुन्हा रुग्णालयात जावं लागणं किंवा हृदयविकारानं मृत्यू येणं, हे खोट्या कॅप्सूलच्या गटात ३०.०३ टक्के रुग्णांच्या वाट्याला आलं, खऱ्या कॅप्सूलच्या गटात २५.०२ टक्के. शंभरात पाच माणसं. हृदयाच्या नव्या गोळ्यांच्या जाहिराती याहून कमी फरकावर होतात.

याला मी पुरावा म्हणते. अर्धवट आहे. सगळे रुग्ण चीनमधले, अकरांपैकी काम कुणाचं ते कळलेलं नाही. आत बचनागाच्या कुळातली मुळी आहे आणि डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधासारखं काम करणारी द्रव्यं असलेली एक साल आहे. डिगॉक्सिन चालू असलेल्या माणसानं ही कॅप्सूल मनानं मागवून गिळली तर जीव धोक्यात येईल. भारतात, अमेरिकेत, कुठेतरी दुसरीकडे ही चाचणी पुन्हा व्हायला हवी. पण प्रश्न विचारू दिला, तेव्हाच हे उत्तर मिळालं. २०२२ मध्ये ज्या कंपनीच्या खोक्यावर बोलणाऱ्यांची तोंडं बंद झाली, तिच्याच दुसऱ्या कॅप्सूलला सगळ्यात मोठी पत मिळाली ती तीन हजार माणसांवर नीट घेतलेल्या परीक्षेनं.

आत्या घरी आली तेव्हा तिला मी हे सगळं सांगितलं. पाय स्टुलावर ठेवून ती ऐकत होती. बिनमिठाच्या वरणावर तिचा राग होता, तोही मधूनमधून निघत होता.

‘त्या लोकांनी डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून ती चिनी कॅप्सूल घेतली का गं?’

नाही आत्या, गोळ्या चालू ठेवूनच. वरून जोडीला.

‘हे तू आधी सांगायचंस,’ ती म्हणाली. मग उठून वजनकाट्यावर उभी राहिली आणि दाराशी टांगलेल्या वहीत त्या सकाळचा आकडा लिहिला.